मूल जेवत नाही, पण सल्ला एकट्या आईलाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या खाण्याच्या नखऱ्यांविषयी आलेला लेख वाचला. पालक वाटून कणकेत मळावा, गाजर-बीट किसून कटलेटमध्ये घालावे, पोळीला चांदणीचा आकार द्यावा, ताट रंगीबेरंगी करावे, अशा सूचना त्यात होत्या. त्या सूचनांशी माझे भांडण नाही. मात्र संपूर्ण लेख ‘आयांनो’ म्हणून सुरू होतो आणि आयांनाच उद्देशून संपतो. मूल ज्या घरात जेवते, त्या घरात वडील असतात, आजी-आजोबा असतात, आत्या-काका येऊन-जाऊन असतात, आणि मुलाच्या तोंडात किती घास गेले याचा हिशेब त्यांतील प्रत्येक जण ठेवत असतो. अशा घरात एकट्या आईने कितीही युक्त्या केल्या, तरी दुसऱ्या बाजूने त्या पुसल्या जातात. म्हणून हे पत्र.

मी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. अंगणवाडीच्या मुलांची वजने घेणे, वाढीच्या तक्त्यावर त्याचे टिंब देणे आणि गृहभेटीला जाऊन घरच्यांशी बोलणे हे माझे काम होते. गृहभेटीत सर्वांत अधिक ऐकलेले वाक्य ‘बाई, हा काहीच खात नाही’ हेच असेल. हे वाक्य सासू म्हणते तेव्हा त्याचा रोख सुनेकडे असतो, आणि सून म्हणते तेव्हा त्यात भीती असते, हे ओळखायला मला बराच काळ लागला.

आधी शरीराचे गणित मांडते, कारण घरातील निम्मी चिंता तेथेच मिटते. निरोगी बाळाचे वजन पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. तीन किलोचे बाळ वर्षाचे होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास पोहोचते. त्यापुढच्या संपूर्ण वर्षात मात्र त्याचे वजन अवघे अडीच किलोच्या आसपास वाढते, आणि नंतर शाळेत जाईपर्यंत दर वर्षी साधारण दोन किलो. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. पहिल्या वर्षी ‘आ’ करून बसणारे बाळ दीड वर्षाचे झाल्यावर तोंड फिरवू लागते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना ‘दृष्ट लागली’, ‘दात येताहेत’ किंवा ‘हिच्या हाताला चव नाही’ अशी नाना कारणे सुचतात. त्याला मुळात तेवढी भूकच उरलेली नाही, हे कारण सहसा कोणी सुचवत नाही.

याच सुमारास दुसरी गोष्ट घडते. साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलांना अनोळखी अन्नाविषयी एक प्रकारची धास्ती वाटते. मूल चालू-फिरू लागल्यावर दिसेल ते तोंडात घालू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज असावी, असे अभ्यासक मानतात. कडू चव मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. त्यामुळे मेथी, कारले आणि शेपू यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. काल आवडीने खाल्लेला दोडका आज नको होतो, वरणात कोथिंबिरीचे पान दिसले तर वाटी ढकलली जाते. हा हट्टीपणा नाही आणि संस्कारांचा अभाव तर मुळीच नाही. बहुतेक मुले वयाबरोबर यातून बाहेर पडतात. प्रश्न एवढाच, की त्या मधल्या तीन-चार वर्षांत आपण ताटाभोवती काय वातावरण ठेवतो.

आपण काय करतो ते मी अनेक घरांत पाहिले आहे. आई घास पुढे करते. मूल मान वळवते. आजी म्हणते, ‘असं नाही भरवायचं, दे इकडे.’ आजोबा खिडकीतली मांजर दाखवतात आणि मांजर पाहण्यासाठी उघडलेल्या तोंडात आजी घास कोंबते. मूल तो गालात धरून ठेवते. वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढून ‘गिळ आधी’ म्हणून दरडावतात. मग बागुलबुवा, पोलीस आणि इंजेक्शनवाले डॉक्टर यांची नावे घेतली जातात. शेवटी ‘दोनच घास खा, मग चॉकलेट’ असा तह होतो. या सगळ्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. उलट प्रत्येक जण प्रेमापोटीच हे करत असतो, म्हणून त्याला थांब म्हणणे सर्वांत कठीण.

परंतु दडपणाचा परिणाम उलटा होतो, हे आता नुसते मत राहिलेले नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी आपले बहुतेक आयुष्य लहान मुलांच्या खाण्याच्या अभ्यासात घालवले. त्यांच्या सहकाऱ्यांसह २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारची सूप काही आठवडे देण्यात आली. त्यांतील एक देताना ‘संपव बरं’ असा आग्रह केला गेला, दुसरे नुसतेच पुढे ठेवले. आग्रह नसताना मुले अधिक प्यायली आणि आग्रहाच्या सुपाविषयी त्यांनी कितीतरी अधिक नावे ठेवली. त्याआधी, १९८४ मध्ये, बर्च यांनीच दाखवले होते, की एखादे नवे पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिले, तर मुलांना ते पेय नंतर कमी आवडू लागते. मुलाची बुद्धी यात अगदी सरळ चालते. भाजी खाण्यासाठी चॉकलेट द्यावे लागते, त्या अर्थी भाजी वाईटच असणार. ‘भाजी खाल्लीस, शहाणं गं माझं बाळ’ या कौतुकाचेही अति झाले की तेच होते, असे मला वाटते; कारण न खाणारे बाळ मग आपोआप अशहाणे ठरते.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणी बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कोठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. वाढलेल्यातून काय खायचे, किती खायचे, अगर खायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. ऐकायला सोपी वाटणारी ही वाटणी आपल्या घरांत दोन्ही बाजूंनी मोडते. जे मोठ्यांनी ठरवायचे ते मूल ठरवते, म्हणजे ‘मला भाजी नको, शेवया कर’ म्हटल्याबरोबर दुसऱ्या शेगडीवर पातेले चढते. आणि जे मुलाने ठरवायचे, म्हणजे पोट भरले की नाही, ते मोठे ठरवतात. एकत्र कुटुंबात तिसरी अडचण असते. आईने ‘आता चार वाजेपर्यंत काही मिळणार नाही’ असे सांगितले, की आजीच्या खोलीतला डबा उघडतो. आजीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. नातवाला खाऊ देणे हा तिच्या हातात उरलेला जवळजवळ एकमेव अधिकार असतो, आणि तो काढून घ्यायचा तर त्या जागी दुसरे काहीतरी द्यायला हवे. चार वाजताचे खाणे आजीकडे सोपवावे, ही वाटणी मी काही घरांत सुचवली होती. राजगिऱ्याचा लाडू, शिकरण-पोळी, भोपळ्याचे घारगे, उकडलेले रताळे, काय द्यायचे ते आजीने ठरवावे, फक्त वेळ पाळावी. जेथे हे मान्य झाले, तेथे सासू-सुनेतील धुसफुसही थोडी निवळली.

मुलाला आपली भूक कळते का, अशी शंका घरोघर विचारली जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२०च्या दशकात नुकती अंगावरून सुटलेली मुले घेऊन एक प्रयोग सुरू केला. पंधरा मुलांना एकूण ३४ पदार्थांतून रोज निवडू दिले. परिचारिकांना घास पुढे करण्याची किंवा सुचवण्याची बंदी होती. मुलांनी चित्रविचित्र मिश्रणे खाल्ली, कधी एकाच पदार्थावर तुटून पडली. पण एकंदरीत सुदृढ वाढली. १९३९ मध्ये याचा आढावा घेताना डेव्हिस यांनीच बजावले होते, की यातील खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डब्यातले काही नव्हते. सगळे साधे, ताजे अन्न होते, म्हणून काहीही निवडले तरी चालत होते. इतक्या थोड्या मुलांवरील इतका जुना प्रयोग म्हणजे अंतिम शब्द नव्हे, आणि आज तसा प्रयोग कोणी करू देणारही नाही. पण मुलाला मोकळीक द्यायची ती मोठ्यांनी निवडलेल्या चांगल्या अन्नाच्या आत, हा त्यातला मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

आणि आपल्याकडे नेमके त्याच्या उलट चालते. ‘काहीच खात नाही’ अशी तक्रार आली, की मी घरच्यांना सकाळपासून मुलाच्या पोटात काय काय गेले ते सांगायला लावत असे. उठल्यावर कपभर दूध आणि दोन बिस्किटे. आजोबांच्या बशीतला चहा, त्यात बुडवलेली खारी. दहा वाजता शेजारच्या काकूंनी दिलेली केळ्याची वेफर. जेवणाआधी रडला म्हणून पुन्हा दूध. दुपारी जेवला नाही, ‘उपाशी कसा ठेवायचा’ म्हणून झोपताना बाटली. यादी पूर्ण होईपर्यंत बहुतेकदा तक्रार करणाऱ्यांचाच आवाज खाली येत असे. दूध पौष्टिक आहे यात वाद नाही. परंतु वर्षावरील मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक दूध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्याने पोट भरते, अन्न मागे पडते आणि दुधात लोह नगण्य असल्याने रक्त कमी होते. चहाने तर असलेल्या लोहाचे शोषणही घटते. दुधात घालायच्या चॉकलेटी भुकट्यांचे प्रस्थ खेड्यांतही पोहोचले आहे. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्या नाही, या कारणाने एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या नावाच्या गटातून काढण्यास सांगितले, ही बातमी आपणही छापली असेल. दुकानदाराच्या फळीवर मात्र ती अजून त्याच रुबाबात उभी आहेत.

आता जेवणाच्या ताटाकडे येते, कारण मला आपल्या पुरवणीतील लेखाशी खरे बोलायचे आहे ते येथे. चांदणीच्या आकाराची पोळी कापत बसण्याची गरज आपल्या घरात नाही. आपली ताट वाढण्याची जुनी पद्धत या कामासाठी फार चांगली आहे. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये भात, त्यावर वरण आणि तुपाची धार. शेजारी पोळी किंवा भाकरी. प्रत्येक पदार्थाला स्वतःची जागा, आणि कोणताही पदार्थ दुसऱ्यात मिसळलेला नाही. पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत, ही मुलांची अगदी सर्रास तक्रार. मुलाला छोट्या ताटात मोठ्यांचेच सगळे वाढावे, पण चिमटीने. मेथीची भाजी करंगळीच्या पेराएवढी, कोशिंबीर अर्धा चमचा, आमटी तळ झाकेल एवढी. त्यात एक पदार्थ असा असावाच, जो ते हमखास खाते; बहुतेक घरांत तो मऊ वरणभात असतो, काही घरांत नुसती पोळी आणि तूप-गूळ. त्याचे पोट त्यावर भरू शकते, म्हणून वेगळा स्वयंपाक लागत नाही. आणि मेथी समोर असते, म्हणून तिची ओळख तुटत नाही. तिखटाची अडचण खरी आहे. विशेषतः आमच्या सातारा-कोल्हापूर पट्ट्यात मोठ्यांची आमटी मुलाला झेपणारी नसते. मसाला आणि तिखट घालण्याआधी मुलाची वाटी बाजूला काढली, तर पातेले एकच राहते.

भाजी लपवण्याविषयी माझे मत लेखिकेपेक्षा वेगळे आहे. पालकाचा पराठा करू नये असे नाही. आपल्याकडे थालीपिठात काय काय घालतात! पण कणकेत नाहीसा झालेला पालक मुलाच्या पोटात गेला, तरी पालकाशी त्याची गाठ पडत नाही. नवा पदार्थ आवडू लागण्यासाठी तो पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो, चाखला जावा लागतो. दहा-पंधरा वेळाही लागू शकतात, असे बर्च आणि इतरांच्या अभ्यासांतून दिसले आहे. आपण तीन-चारदा वाढतो, मूल नाही म्हणते, आणि ‘त्याला भेंडी आवडत नाही’ असा शिक्का बसतो. तो शिक्का पाहुण्यांपुढे मुलाच्या देखत उच्चारला जातो, आणि मूल तो इमानेइतबारे पाळते. लपवलेली भाजी एखाद दिवशी पकडली गेली, तर पराठाही बंद होतो, हा अनुभव अनेक आयांनी सांगितला आहे. त्यापेक्षा मुलाला भाजी निवडायला बसवावे. मटार सोलताना चार दाणे आपोआप तोंडात जातात, मेथीची पाने खुडताना वास ओळखीचा होतो, आणि तोंडात घातलेली वस्तू आवडली नाही तर ती बाजूला काढून ठेवायची मुभाही असावी.

मुले कोणाचे पाहून खातात, हे अंगणवाडीत रोज दिसते. सतरंजीवर रांगेत मुले बसलेली असतात, मदतनीस ताई पातेले घेऊन वाढत येते. एक मुलगी मला स्पष्ट आठवते. घरी मटकीच्या उसळीचा दाणा तोंडात घेत नसे, आणि तिच्या आईने सेविकेला तसे बजावूनही ठेवले होते. सेविकेने इतरांबरोबर तिच्याही ताटलीत चमचाभर उसळ वाढली आणि पुढे निघून गेली. मुलीने आधी मोड आलेला एक दाणा बोटांत धरून त्याचे शेपूट तोडले. शेजारचा मुलगा खाताना ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग शेपूट खाल्ले, दाणा ताटलीच्या कडेला ठेवला. पुढचे कित्येक दिवस ती नुसती शेपटेच खात होती. सेविकेने यावर एक अक्षर काढले नाही, हेच त्यातले कौशल्य. काही आठवड्यांनी तिने दाणेही खायला सुरुवात केली आणि आईचा मात्र त्यावर विश्वास बसला नाही. बर्च यांच्या १९८०च्या एका अभ्यासात हेच दिसले होते. वेगळी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या पंगतीत बसवलेले मूल काही दिवसांत त्यांच्यासारखी निवड करू लागले.

घरातील पंगतीत शेजारी मोठे असतात, आणि येथे वडिलांचा प्रश्न येतो. स्वतःच्या ताटातली कोशिंबीर न शिवणारे, दुधी म्हटल्यावर नाक मुरडणारे आणि ‘आज परत तेच?’ विचारणारे वडील त्याच ताटावरून मुलाला भाजीचे महत्त्व सांगतात. मुलाने कोणाचे ऐकायचे? वडिलांनी दुधी खावा एवढीच अपेक्षा आहे; त्यावर भाषण देऊ नये. शहरांत वडील, आणि अनेकदा आईसुद्धा, रात्री नऊच्या पुढे घरी येतात. मुलाला सातलाच भूक लागलेली असते. मग त्याला एकट्याला मोबाइल समोर धरून भरवले जाते, किंवा नऊपर्यंत फरसाणावर काढले जाते आणि पेंगुळलेल्या अवस्थेत ताटावर बसवले जाते. दोन्हींत जेवण बिघडते. मुलाने साडेसातला घरात असेल त्या मोठ्याबरोबर जेवावे. त्या मोठ्याने निदान वाटीभर भात घेऊन सोबत बसावे. आणि रात्री जमत नसेल तर सकाळची न्याहारी सर्वांनी एकत्र करावी, हे पुण्या-मुंबईच्या घरांतही अशक्य नाही.

मोबाइलविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर रोज लिहिले जाते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे. पडद्याकडे पाहत मूल अधिक घास गिळते हे खरे. पण काय खाल्ले, पोट भरले का, हे त्याला कळत नाही, आणि ते कळणे हेच तर त्याला शिकायचे असते. काऊ-चिऊच्या घासाची आठवण काढून हळहळणाऱ्यांना मात्र एक सांगावेसे वाटते. अंगणातून मुलाच्या मागे वाटी घेऊन धावणे हेही लक्ष दुसरीकडे वळवून भरवणेच होते. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाशी खेळत चार घास भरवावेत. चार वर्षांच्या मुलाने आपल्या हाताने, सांडत-लवंडत, बसून जेवावे. अर्धा तास झाला की ताट उचलावे. रागाने नव्हे, सहज. पुढचे खाणे दोन-तीन तासांवर आहे, आणि निरोगी मूल तेवढ्याने वाळत नाही.

‘ताटात टाकायचे नाही’ या नियमावर माझ्याशी अनेक ज्येष्ठांनी वाद घातला आहे. अन्नाचा मान राखावा, हे मलाही मान्य आहे. ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना ते वेगळे सांगावे लागत नाही. पण ताट वाढणारा मोठा, आणि ते संपवण्याची सक्ती लहानावर, हा न्याय कसला? कमी वाढावे, मागितल्यावर पुन्हा वाढावे, आणि करंगळीच्या पेराएवढी उरलेली मेथी आई-वडिलांनी खाऊन टाकावी. पोट भरल्यावरही खायचे, ही सवय लागलेली मुले पुढे वजनाच्या तक्रारी घेऊन येतात, तेव्हा तीच वडीलधारी मंडळी ‘किती खातो हा’ म्हणतात.

हे सारे लिहिताना एक भान ठेवायला हवे. खाण्याचे नखरे ही ज्या घरात निवडायला काही आहे त्या घरातली गोष्ट आहे. ऊसतोडीच्या फडावर पहाटे आईबरोबर निघणारे मूल ‘जेवत नाही’ तेव्हा कारण वेगळे असते. रात्रीची गार भाकरी, पाण्यासारखे कालवण, सततचा ताप-खोकला, जंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्ताल्पता आढळली. रक्ताल्पतेनेच भूक मंदावते, आणि भूक मंदावली की रक्त आणखी घटते. तेथे ‘मुलाला ठरवू द्या’ हा सल्ला पुरेसा नाही. तेथे घट्ट शिजवलेले, तेल-तूप घातलेले अन्न, जंतनाशक गोळी, लोहाचे औषध आणि वेळेवर उघडणारी अंगणवाडी लागते. पुरवणीतील सल्ले या घरांपर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांचा अर्थ बदलतो, एवढे लेखकांनी ध्यानात घ्यावे.

खात्यापित्या घरांतही काही मुलांना डॉक्टरांना दाखवायलाच हवे. वजन तक्त्यावरील आपली रेघ सोडून खाली उतरू लागले, गिळताना ठसका लागतो किंवा वारंवार उलटी होते, दोन वर्षांनंतरही मूल चावत नाही आणि फक्त वाटलेले अन्न घेते, खाण्यातील पदार्थ महिन्यागणिक कमी होत बोटांवर मोजण्याइतके उरले, किंवा खाण्याबरोबर बोलण्या-खेळण्यातही मूल मागे वाटते, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. बद्धकोष्ठतेने भूक मरते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. पण औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले ‘भूक वाढवण्याचे सिरप’ मुलाला देऊ नये. त्यांतील काही मुळात अ‍ॅलर्जीवरची औषधे असून भूक वाढणे हा त्यांचा जोडपरिणाम आहे. त्यांनी मूल पेंगते, आणि औषध थांबले की भूक पूर्वीसारखी होते. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबणे आणि चार-पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देणे, या दोन्हींत घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका आहे, हे आजी-आजोबांना आवर्जून सांगावे.

गृहभेटीत मला सर्वांत अधिक त्रास देणारे वाक्य मुलाचे नव्हते. ‘किती वाळलाय हा, काही खायला घालत नाहीस का?’ असे लग्नाकार्यात, सणावाराला, दारात आलेला कोणीही त्या तरुण आईला विचारतो. ती त्या रात्री मुलाला दोन घास अधिक कोंबते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते सहा देशांतील निरोगी मुलांच्या मोजमापांवरून तयार झाले, त्यांत दिल्लीची मुलेही होती. त्यामुळे ‘ते परदेशी मुलांचे असतात’ ही सबब चालत नाही. तेच तक्ते लसींची नोंद ठेवण्याच्या माता-बाल संरक्षण कार्डात छापलेले असतात. मूल आपल्या रेघेला धरून वाढत असेल, खेळत असेल, आजारी पडत नसेल, तर त्याने आज अर्धी पोळी खाल्ली की पाव, याची चौकशी पाहुण्यांनी करू नये. घरातल्यांनीही ते कार्ड पाहुण्यांसमोर ठेवून आईची बाजू घ्यावी. तीही शक्यतो सासूने घ्यावी, कारण तिच्या शब्दापुढे कोणी बोलत नाही.

आपणांस विनंती अशी, की पुरवणीत या विषयावर पुढचा लेख घेणार असाल, तर तो वडील आणि आजी-आजोबांना उद्देशून लिहवून घ्यावा, आणि त्यासोबत माता-बाल संरक्षण कार्डातील वाढीचा तक्ता अर्ध्या पानावर छापून त्यातील रेघा कशा वाचायच्या हे एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून सोप्या भाषेत समजावून द्यावे. अनेक सुशिक्षित घरांतही ते कार्ड लसीच्या तारखांपुरतेच उघडले जाते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
सातारा जिल्हा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)